सोबतीचं अंडं

१

होल्यांना फसवायचं, ही सिदोनीची नोकरी होती, आणि ती नोकरी ती अगदी मन लावून करायची.

फसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गुलाबी पारवा मॉरिशसच्या रानात आहे तेवढाच. समुद्रापलीकडे त्याचा ना भाऊ ना चुलतभाऊ. एवढा दुर्मीळ पक्षी, पण पिंजऱ्यात आला की आईबाप म्हणून अगदी बेजबाबदार. अंडं घालायचं आणि फांदीवर जाऊन पिसं साफ करत बसायचं. म्हणून रिव्येर न्वारच्या दरीच्या पायथ्याशी असलेल्या केंद्रात त्याची अंडी उचलून पाळीव होल्यांच्या पोटाखाली सरकवत. होले बिचारे गुणी. त्यांची खोड एकच, घरट्यात एकटं अंडं असलं की त्यांचं मन लागत नसे, ते उठून जात. मग खऱ्याच्या सोबतीला एक खोटं ठेवावं लागे.

ही खोटी अंडी एव्हारिस्त बनवायचे. सत्तरीला आलेले, एका कानाने बहिरे आणि दुसऱ्याने हवं तेवढंच ऐकणारे. सगळं केंद्र त्यांना तोंतों म्हणे, म्हणजे काका. प्लास्टरचं अंडं, वजन जुळावं म्हणून आत वाळू, आणि वर कापडाने घासघासून आणलेली झिलई. त्या अंड्यांना ते ‘माँतेर’ म्हणत, म्हणजे खोटारडं. ओळखायला टोकाशी पेन्सिलीची एक बारीक फुली.

इमारत जुनी, लाकडी, दगडांवर उचललेली. एका ओळीत तीन खोल्या होत्या. पहिली पाखरांची, मधली अंड्यांची आणि शेवटची कोठीची. कोठीत मक्याची आणि गव्हाची पोती, फळ्यांची मांडणी, आणि मांडणीवर केवड्याच्या पातीची एक टोपली. टोपलीत कापूस, कापसात माँतेरं.

त्या आठवड्यात सिदोनीला कोठीत एक गोष्ट खटकत होती. रिकाम्या गोणपाटांची कोपऱ्यात थप्पी असे, तिच्यात सकाळी सकाळी एक खळगा पडलेला दिसायचा. गोल, खोल आणि चांगला परातीएवढा. ती गोणपाटं झटकून सरळ करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळगा.

“तोंतों, दुपारी कोठीत ताणून देता वाटतं?”

“मी? मला वाटलं तू देतेस.”

“मी त्या खळग्यात मावेन का?”

एव्हारिस्तनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नाही. तू दोन खळगे पाडशील.”

मांजर असेल, असं दोघांनी ठरवून टाकलं. केंद्रात मांजर येऊ नये म्हणून दुहेरी जाळी होती, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

२

वादळाचा तिसरा इशारा झाला तसे बाकीचे घरी गेले. सिदोनी गेली नाही, आणि त्याला कारण एक अंडं होतं.

त्या अंड्याची आई दरीच्या वरच्या अंगाला राहणारी, रानातली. तिकडची पाखरं वेगळ्या रक्ताची, आणि माकडांनी व मुंगसांनी त्यांचा जवळजवळ फडशा पाडलेला. उरली होती ही एक मादी. सिदोनीने तिला पिल्लू असताना चमच्याने भरवून वाढवलं होतं आणि पायात कडं घालून रानात सोडलं होतं. गेल्या पंधरवड्यात मुंगसाने तीही नेली. त्याआधी उचललेलं तिचं अंडं होल्यांच्या पोटाखाली होतं, म्हणून वाचलं. आता त्या दरीचं जे काही उरलं होतं ते त्या कवचात होतं, आणि पिल्लाने आतून चोच मारायला सुरुवात केली होती. अशा वेळी ते सोडून जायचं म्हणजे सिदोनीच्या जिवावर आलं.

“तुम्ही तरी जा,” ती एव्हारिस्तना म्हणाली.

“घरी बायको आहे. इथे नुसतं वादळ आहे. मी इथेच बरा.”

उजाडता उजाडता चौथा इशारा झाला आणि वीज गेली. अंडी उबवायचं यंत्र घरघरून बंद पडलं. जनित्राच्या खोलीत पाणी शिरलं होतं. तरी सिदोनी घाबरली नाही, होले बसलेत म्हणून. मग पाखरांच्या खोलीवरचा पत्रा करकरला, उचकटला आणि गेला. पाऊस थेट आत आला.

दोघांनी पिंजरे मधल्या खोलीत ओढले. वारा एवढा होता की कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं. होल्यांची जोडी बिथरली, पंख आपटत घरट्यावरून उडाली ती परत यायला तयार होईना. सिदोनीने घरट्यात हात घातला आणि दोन्ही अंडी मुठीत घेतली. दोन्ही सारखीच ऊबदार, सारख्याच वजनाची, सारखीच गुळगुळीत. तळहाताला आतून बारीक टकटक लागली आणि तिचा जीव भांड्यात पडला. हात पाण्याने निथळत होते. अंगठ्याने चाचपून, एकाच्या टोकाशी बारीक रेघेसारखं काही दिसलं तसं तिने ते एव्हारिस्तच्या हातात दिलं.

“हे माँतेर! टोपलीत टाका आणि कोठीला कडी घाला!”

दुसरं अंडं तिने कोरड्या लोकरी मोज्यात घातलं आणि मोजा पोलक्यात, छातीशी ठेवला. पिल्लू बाहेर येईपर्यंत आता आपणच होला, असं तिने मनाशी ठरवलं. एव्हारिस्त कोठीत जाऊन आले, कडी घातली आणि ओले बूट काढून अनवाणी भिंतीशी बसले.

३

खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे भर दिवसा खोलीत तिन्हीसांज होती. सार्डिनचा डबा उघडून दोघांनी पावाबरोबर खाल्लं. सिदोनी एका हाताने खात होती, दुसरा छातीवर.

“कसं आहे कार्ट?”

“विसावलंय.”

टकटक थांबली होती. आधी तिला त्याचं काही वाटलं नाही. चोच मारून मारून पिल्लू थकतं, मग बराच वेळ गप्प पडून राहतं, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. पण विसावा लांबत गेला. ती मान वाकवून पोलक्यात कान लावायचा प्रयत्न करू लागली. आपल्याच काळजाचे ठोके तेवढे ऐकू येत. विजेरी लावून बघावं, तर अंडं बाहेर काढायला हवं आणि गार वारा लागायला हवा. शिवाय या वयात अंडं आतून काळंच दिसतं, मेलेलं काय आणि जितं काय. असं तिने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिला बघायची भीती वाटत होती.

तेवढ्यात कोठीत काहीतरी चाललं.

वाऱ्याचा आवाज नव्हता तो. वारा ओरडतो, हे चालणं होतं. एक जड, मऊ पाऊल. थोडं थांबून दुसरं. मग गोणपाट घासल्याचा आवाज आणि पुन्हा शांत.

पोतं घसरलं असेल, सिदोनी मनात म्हणाली. पोतं घसरलं तर एकदा घसरतं. बरं, माकड शिरलं असेल. माकड आत आलं तर मका उधळतं, किंचाळतं, थाळ्या पाडतं, पावलं टाकत फेऱ्या मारत नाही. माणूस म्हणावं तर दाराला बाहेरून कडी, आणि ती कडी तिला बसल्या जागेवरून दिसत होती.

“तोंतों, ऐकलंत?”

“मला काय ऐकू येणार?” एव्हारिस्त म्हणाले. पण ते ताठ बसले होते आणि आपल्या पायांकडे बघत होते. त्यांनी पाऊल फळीवर दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. “पायाला लागतंय.”

“काय लागतंय?”

“कोणीतरी चालतंय. दोन पायांचं आहे.” त्यांनी डोळे मिटून पुन्हा पाऊल दाबलं. “माणूस नाही. माणसाचा पाय असा पडत नाही. हरणामागे चाळीस वर्षं फिरलो मी.”

सिदोनीने मेणबत्ती दाराकडे सरकवली, आणि लगेच ओढून जवळ घेतली.

मग कोठीतून एक सूर आला. पारव्याच्या घुमण्यासारखाच, पण इतका खालचा की तो कानांऐवजी बरगड्यांना ऐकू यावा. एकदाच आला. पिंजऱ्यातले होले, जे सकाळपासून फडफडत होते, ते सगळे एकदम गप्प झाले आणि माना कोठीच्या भिंतीकडे वळवून बसले. त्यांच्या बसण्यात भीती दिसत नव्हती, आणि तेच सिदोनीला सगळ्यात भयंकर वाटलं.

४

दुपार उलटता उलटता वारा पडला. कमी झाला नाही, पडला. वादळाचा डोळा डोक्यावर आला होता. छपरावरून ठिबकणारं पाणी सुट्टं सुट्टं ऐकू येऊ लागलं. फळ्यांच्या फटींतून पिवळट उजेड आला.

“थोडाच वेळ आहे,” एव्हारिस्त म्हणाले. “मग उलट्या बाजूने येईल. तोवर बघून घे त्याला. असं किती वेळ घाबरून बसणार?”

सिदोनी ऐकत होती. त्या शांततेत टकटक येत होती. टक, टक. थांबून पुन्हा टक. बारीक, हट्टी, ओळखीची. तिने छातीवर हात दाबला आणि तिचा चेहरा उतरला.

“काय झालं?”

“तोंतों, चोच मारतंय.”

“मग रडतेस कशाला? हसायला हवं.”

“इथे नाही मारत. तिकडे मारतंय.” तिने कोठीकडे बोट केलं.

तिने मोजा बाहेर काढला. अंडं गरम होतं. गरम असणारच. सकाळपासून तिने त्याला आपल्या अंगाची ऊब दिली होती, हळूहळू बोलत राहिली होती, दोनदा तर अंगाईही गुणगुणली होती. तिने ते दातांवर हलकेच वाजवलं. ठस्स असा मुका आवाज आला. प्लास्टर.

एव्हारिस्तनी अंडं हातात घेतलं, टोकावर अंगठा फिरवला. “फुली धुऊन गेली,” ते म्हणाले. आपल्या कारागिरीचा त्यांना एरवी फार अभिमान. आज त्यांनी ते अंडं पटकन तिच्या हातात परत ठेवलं. “पोरी, मी... तू दिलंस, मी टाकलं.”

“मीच दिलं. तड्याची रेघ मला फुली वाटली. तुमची काय चूक?”

इतकी वर्षं होल्यांना फसवून तिच्या हातांना एवढी सवय झाली होती की त्या हातांनी तिलाही फसवलं होतं. आणि खरं अंडं सकाळपासून गार कोठीत, ओल्या हवेत, उबेशिवाय. एवढ्या वेळात ते केव्हाच मरून जायला हवं होतं. निम्म्या वेळातही मरतं. हे तिला पाठ होतं, नवीन येणाऱ्या मुलींना ती हेच शिकवायची.

टक, टक, टक. कोठीतून.

“मी येतो तुझ्याबरोबर,” एव्हारिस्त म्हणाले.

“नको. दोघं गेलो तर ते बिथरेल.”

“ते म्हणजे कोण?”

सिदोनीलाही सांगता आलं नसतं. तोंडातून तसं आलं खरं.

५

कडी काढताना तिने मनातल्या मनात पवित्र मातेचं नाव घेतलं आणि दार जेमतेम अंग जाईल एवढंच उघडलं.

आत ऊब होती. सगळी इमारत गारठलेली, भिंती पाझरत होत्या आणि कोठीत मात्र घरात खूप माणसं झोपल्यावर असते तशी ऊब. वास आला, ओल्या पाचोळ्याचा आणि जुन्या पिसांचा. विजेरी तिच्या हातात होती, पण तिने ती लावली नाही. घरट्यावर बसलेल्या पाखराच्या डोळ्यांत उजेड मारायचा नाही, ही शिस्त तिच्या अंगात मुरली होती. कोणाच्या घरट्याबद्दल आपण हा विचार करतोय, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

टोपली मांडणीवर नव्हती. ती कोपऱ्यात, जमिनीवर, कलंडलेली होती. कापूस विस्कटला होता. प्लास्टरची अंडी इकडेतिकडे ढकलून दिलेली, एकूण एक. आणि गोणपाटांच्या थप्पीत तोच गोल, खोल खळगा. खळग्याच्या मधोमध एकच अंडं. त्याच्या कवचाला चांदणीसारखा तडा गेला होता आणि तड्यातून चोचीचं टोक आतबाहेर होत होतं.

ती गुडघ्यांवर खाली बसली आणि हात पुढे केला. खळगा गरम होता. आत्ता, या क्षणी कोणी उठून गेल्यावर राहते तशी ऊब गोणपाटात होती.

मांडणीच्या खालच्या अंधारात कोणीतरी श्वास घेत होतं.

तिला तिकडे बघायचं नव्हतं, आणि तिने बघितलं. पोत्यांमागे काहीतरी मोठं आणि करडं, वाकलेलं, अंग चोरून उभं होतं. बरंचसं दिसलंच नाही. दिसलं ते एक पाऊल. पिवळट, खवल्यांचं, बाईच्या तळहाताएवढं. पुढे तीन जाड बोटं आणि बोथट नखं. ते पाऊल उजेडाच्या पट्टीत होतं. तिने बघितलं तसं ते हळूच उचललं गेलं आणि सावलीत मागे गेलं.

सिदोनीच्या दुसऱ्या मुठीत अजून ते खोटं अंडं होतं, छातीशी उबवलेलं. हात आपोआप पुढे गेला. हेच तर रोजचं काम, एका हाताने खरं उचलायचं, दुसऱ्याने खोटं सरकवायचं, म्हणजे बसलेल्या जिवाला कळत नाही. हात खळग्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला. ज्याने टोपलीतल्या एवढ्या अंड्यांमधून हे एकच निवडलं आणि सकाळपासून उबवून जिवंत ठेवलं, त्याला काय फसवायचं? तिला स्वतःची लाज वाटली. तिने प्लास्टरचं अंडं स्कर्टच्या खिशात टाकलं.

“मी याला नेतेय,” ती अंधाराला म्हणाली. “तुमचं नाही ते. आमचंही नाही. पण त्याला वाढवायला येतं मला. नेऊ ना?”

अंधारातला श्वास तसाच चालू राहिला. तिने दोन्ही हातांनी अंडं उचललं आणि पाठ न दाखवता, बसल्या बसल्या मागे सरकत दारापर्यंत गेली. कोणी अडवलं नाही.

बाहेर येऊन तिने दार लोटलं. कडीकडे हात गेला, पण तिने कडी घातली नाही.

६

“जिवंत आहे?” एव्हारिस्तनी विचारलं. सिदोनीने ओंजळ पुढे केली. त्यांनी ती चोच बघितली, डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि वर बोलले, “आईवर गेलंय. धीर म्हणून नाही.”

मग ती त्यांना सांगू लागली. ऊब, खळगा, ढकलून दिलेली अंडी. पावलाशी आली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

“पुढे तीन बोटं?”

“तीन.”

“जाड?”

“जाड.”

भिंतीवर खिळ्याला हात पुसायचा टॉवेल लटकत होता, पोर्ट लुईच्या बाजारात पर्यटकांच्या गळ्यात मारतात तसला. त्यावरचं ते लठ्ठ, उडता न येणाऱ्या पाखराचं चित्र या बेटावरचं शेंबडं पोरही ओळखतं. ते चित्र ज्याचं, त्याचा निर्वंश होऊन तीनशेवर वर्षं झाली. दोघांची नजर एकाच वेळी टॉवेलवर गेली आणि एकाच वेळी परत आली.

“गप्प बस,” एव्हारिस्त म्हणाले.

“मी कुठे काय बोलले?”

“बोलू नकोस म्हणूनच सांगतोय. मीही बोलणार नाही. बायको आधीच म्हणते माझं डोकं फिरलंय.”

सिदोनीला हसू आलं. सकाळपासूनचं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं, आणि मग ते हसूच राहिलं नाही. एव्हारिस्तनी आपला कोरडा सदरा तिच्या खांद्यांवर टाकला.

वारा उलट्या बाजूने आला. इमारत पुन्हा कण्हू लागली. होले अजून घरट्यावर बसायला तयार नव्हते, तेव्हा सिदोनीने अंडं पुन्हा मोज्यात आणि मोजा छातीशी घेतला. या वेळी आतली टकटक तिच्या कातडीला लागत होती, गुदगुल्या कराव्यात तशी. ती कोठीच्या भिंतीला पाठ टेकून बसली. दुसरी कोरडी जागाच नव्हती.

थोड्या वेळाने कवच फुटल्याचं तिला कळलं. काहीतरी ओलं, उघडं, भुईमुगाच्या शेंगेएवढं तिच्या अंगावर वळवळलं आणि एकदा, दोनदा चिवचिवलं. जगातलं सगळ्यात कुरूप पिल्लू. तिने त्याच्याकडे बघितलं आणि वाऱ्यातही ऐकू जाईल एवढा मोठा सुस्कारा सोडला.

पलीकडे कोठीत पावलं ऐकू आली. जड, मऊ. दाराकडे गेली नाहीत. ती भिंतीकडे आली, तिच्या पाठीमागे, अगदी चिवचिवाटाच्या समोर. मग काहीतरी मोठं हळूहळू खाली बसलं आणि भिंतीला टेकलं. फळी किंचित वाकली.

“सिदो,” एव्हारिस्त हळू आवाजात म्हणाले. त्यांचे तळवे जमिनीवर घट्ट टेकलेले होते. “तिथून उठ.”

सिदोनीने पाठ आणखी थोडी रेलली. मधे एका फळीचं अंतर. पिल्लू तिच्या छातीशी शांत होऊन झोपलं होतं.

“नको, तोंतों,” ती म्हणाली. “फळी गरम झालीय.”